एनसीसीचा पहिला उन्हाळी कॅम्प: फॉर्म भरण्यापासून परतीच्या बसपर्यंत

एप्रिल उजाडला की एनसीसीच्या खोलीबाहेर कॅम्पची यादी लागते आणि पहिल्या वर्षाच्या कॅडेट्सची चुळबुळ सुरू होते. घरी काय सांगायचं, सामान किती न्यायचं, मोबाइल चालतो का, पहाटे पाचला उठवतात ते खरं का, फायरिंगला खांदा निखळतो म्हणतात ते खरं का? सिनियर्सना विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि त्यातली निम्मी उत्तरं नुसती घाबरवण्यासाठी दिलेली. मी सिनियर विंगमध्ये (कॉलेजच्या मुलींच्या विभागात) कॅडेट होते, पुढे अंडर ऑफिसर (कॅडेट्समधला वरचा हुद्दा) झाले आणि कॅम्पमध्ये नव्या मुलींच्या तंबूंची जबाबदारी माझ्याकडे असायची. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते: कवायत जड गेली म्हणून सहसा कुणी आडवं होत नाही. पायाला फोड येतात, पाणी कमी पोटात जातं, झोप पुरत नाही, म्हणून मुलं पडतात. पाय, पाणी आणि झोप एवढं सांभाळा. बाकी सगळं शिकवायला तिथे माणसं आहेत.

पुढचं सगळं आर्मी विंगच्या दहा दिवसांच्या वार्षिक कॅम्पबद्दल आहे. त्याला सगळे 'सीएटीसी' (कंबाइंड अॅन्युअल ट्रेनिंग कॅम्प) म्हणतात. नेव्हल विंगच्या मुलांना बोट पुलिंग (होडी वल्हवणं) आणि सेमाफोर (झेंड्यांनी निरोप देणं) असतं, एअर विंगला एरोमॉडेलिंग असतं. पण राहणं, जेवण, शिस्त आणि कागदपत्रं बहुतेक सारखीच.

१. आधी कॅम्प कोणता ते नीट विचारा

एनसीसी १५ जुलै १९४८ला सुरू झाली. आज देशभरात तिची १७ डायरेक्टोरेट आहेत. महाराष्ट्राचं डायरेक्टोरेट मुंबईत आहे, त्याखाली मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती अशा ठिकाणचे ग्रुप आणि ग्रुपखाली बटालियन. गोव्यातले कॅडेट्स कर्नाटक आणि गोवा डायरेक्टोरेटमध्ये येतात. तुमचं कॉलेज किंवा शाळा ज्या बटालियनला जोडलेली असते, सीएटीसीची यादी तिथूनच येते.

यादीत नाव आलं की एएनओ (शाळा-कॉलेजात एनसीसी सांभाळणारे शिक्षक) सरांना किंवा मॅडमना तीन गोष्टी विचारा: कॅम्पचा प्रकार, तारखा आणि जागा. प्रकार यासाठी, की उन्हाळ्यातल्या काही सीएटीसीत थल सैनिक कॅम्पची निवडही सुरू होते. हा कॅम्प ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास दिल्लीत होतो आणि त्यासाठी फायरिंग, मॅप रीडिंग, ऑब्स्टॅकल (अडथळे पार करणं), जजिंग डिस्टन्स (नजरेने अंतर ओळखणं) यांतले चांगले कॅडेट्स हेरले जातात. अशा कॅम्पला जायचं असेल तर आवडीचा विषय घरून थोडा वाचून जा.

ए आणि बी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला परेडची ७५ टक्के हजेरी लागतेच, शिवाय कॅम्पही झालेला लागतो. सी सर्टिफिकेटसाठी कोणते आणि किती कॅम्प धरले जातात, ते एएनओंकडून आत्ताच लिहून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी "माझा एकच कॅम्प झालाय" म्हणून धावपळ करणारी मुलं दरवर्षी दिसतात, आणि तेव्हा फार काही करता येत नाही.

राहण्या-जेवणाचा खर्च सरकारी असतो. कॅम्पच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर ते कशासाठी आहेत हे एएनओंनाच विचारा.

२. कागदपत्रं

प्रत्येक बटालियनची यादी थोडी वेगळी असते, पण बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- पालकांचं सहीचं संमतीपत्र (छापील नमुना मिळतो)
- नोंदणीकृत डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक
- आधार कार्डाची प्रत आणि कॉलेज किंवा शाळेचं ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- रक्तगट आणि घरच्यांचे दोन फोन नंबर, कागदावर लिहिलेले

इथे दोन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं म्हणजे नाव. आधारवर एक, कॉलेजच्या रजिस्टरमध्ये दुसरं, बँकेत तिसरं. कॅम्पच्या नामावलीत जे नाव जाईल तेच पुढे सर्टिफिकेटवर उमटतं. म्हणून स्पेलिंग आणि रेजिमेंटल नंबर (एनसीसीतला तुमचा नोंदणी क्रमांक) निघण्यापूर्वीच ताडून पाहा. रेजिमेंटल नंबर पाठच करा, कारण तो दहा दिवसांत कितीतरी वेळा विचारला जातो.

दुसरं फिटनेस सर्टिफिकेट. ओळखीच्या दवाखान्यात न तपासता सही घेऊन टाकतात, तसं करू नका. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन, एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा आणि कागदावर येऊ द्या. लपवल्याने कॅम्प मिळेलही, पण मैदानावर दम लागला तर उपचार करणाऱ्याला काहीच ठाऊक नसेल. दम्याचा पंप लागत असेल तर तो पेटीत ठेवू नका, खिशात ठेवा, आणि तुमच्या एएनओंना व तंबूतल्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला तसं सांगून ठेवा.

३. महिनाभर आधी: पायांपासून सुरुवात करा

बूट. या एका गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त बोलते, कारण सगळ्यांत जास्त रड तिथेच होते. नवाकोरा बूट कॅम्पच्या पहिल्या सकाळी पायात चढवला की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड, तिसऱ्या दिवशी तो फुटलेला आणि चौथ्या दिवशी ड्रिलच्या मैदानाच्या कडेला चपलेत बसलेला कॅडेट. बूट मिळाल्या दिवसापासून घरात रोज अर्धा-एक तास घाला, जिन्यावर चढ-उतार करा, मग बाहेर फेरी मारा. चामडं पायाच्या आकाराला आलं पाहिजे. बूट मापात नसेल तर "चालेल" म्हणू नका, बदलून घ्या. मोजे सुती आणि जाडसर हवेत. नायलॉनच्या पातळ मोज्यात पाय घामाने भिजतो आणि घासतो.

दुसरी तयारी धावण्याची. आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी वीस मिनिटं हळू पळा, पुढे वेळ वाढवा. मैदान नसेल तर शेताच्या बांधावर, नाहीतर कॉलनीच्या रस्त्यावर पळा. पुशअप्स आणि उठाबशा थोड्या थोड्या करा.

तिसरी झोपेची. बारा वाजता झोपून आठला उठणाऱ्या शरीराला एकदम पाचला उठवलं की दोन-तीन दिवस डोकं जड राहतं, भूक लागत नाही आणि न खाता परेडला उभं राहिलं की भोवळ येते. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास लवकर झोपा आणि लवकर उठा.

४. सामान

एका पेटीत किंवा मजबूत बॅगेत बसेल एवढंच घ्या, जे तुम्ही स्वतः उचलून अर्धा किलोमीटर नेऊ शकाल. बस तंबूच्या दारात थांबत नाही.

गणवेशाचं: खाकी युनिफॉर्मचे शक्य तर दोन जोड, बेरे (गोल टोपी), कॅप बॅज, लाल हॅकल (बेरेवरचा तुरा), बेल्ट, लॅनयार्ड (खांद्यावरची दोरी), नावाची पट्टी, बूट, बूट पॉलिश आणि ब्रश, बक्कल चमकवायला ब्रासो आणि जुनं सुती फडकं. पीटीसाठी टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि कॅनव्हासचे बूट.

राहायचं: सतरंजी, दोन चादरी, हवेची उशी, मच्छरदाणी आणि ती बांधायला दोरी, ताट-वाटी-पेला, मग, लहान बादली, कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे, कुलूप, टॉर्च, दोन लिटरची पाण्याची बाटली.

बारीकसारीक पण फार उपयोगी: सुई-दोरा (खाकी आणि पांढरा), बटणं, सेफ्टी पिना, टॅल्कम पावडर, चिकटपट्टीचे बँडेज, ओआरएसची पाकिटं, वही, पेन्सिल, पट्टी, रोजची औषधं चिठ्ठीसह. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव आणि नंबर लिहा. खाकी पँट सगळ्यांचीच सारखी असते आणि एकाच दोरीवर वाळत असते.

मुलींसाठी वेगळं सांगते. सॅनिटरी पॅड्स जास्तीचे घ्या. दगदगीने आणि जागा बदलल्याने तारीख पुढे-मागे होते. केसांना जाळी, काळ्या पिना आणि रबर भरपूर हवेत, कारण अंबाडा बेरेच्या खाली घट्ट बसावा लागतो. मुलींचे तंबू किंवा बराकी वेगळ्या असतात आणि तिथे लेडी एएनओ किंवा जीसीआय (गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर) मॅडम असतात. पोटात दुखत असेल तर त्यांना सरळ सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्या दिवशी पीटीतून सवलत मिळते.

न्यायचं नाही ते: सोन्याची चेन, अंगठी, कानातले लोंबते डूल, महागडं घड्याळ, डबाभर फरसाण. खाऊ तंबूत ठेवला की मुंग्या, उंदीर आणि भांडणं तिन्ही येतात. मोबाइलचा नियम कॅम्पनिहाय वेगळा असतो. बहुतेक ठिकाणी तो जमा करावा लागतो आणि ठरलेल्या वेळी घरी बोलायला मिळतो. जवळ असला तरी शस्त्रांचे, रेंजचे किंवा लष्करी आवाराचे फोटो काढू नका.

पालकांना एक विनंती. दोन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, मुलाला परत न्यायला येऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन रमतं. घरात खरीच अडचण असेल तर एएनओंना फोन करा, निरोप पोचतो.

५. पहिला दिवस

पोचल्यावर रिपोर्टिंग, कागद तपासणी, थोडी वैद्यकीय तपासणी, मग कंपनी ठरते: अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी. एका कॉलेजच्या मुलांना बऱ्याचदा वेगवेगळ्या कंपन्यांत टाकतात. हे मुद्दाम असतं. रत्नागिरीची मुलगी सांगलीच्या मुलीशेजारी झोपते आणि दहाव्या दिवशी दोघी पत्ते लिहून घेत रडतात. मैत्रिणीच्याच तंबूत टाका म्हणून हट्ट धरू नका.

कोणाला काय म्हणायचं ते समजून घ्या, म्हणजे गोंधळ होणार नाही. सगळ्यांत वर कॅम्प कमांडंट, बहुधा कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे. त्यांच्या खाली डेप्युटी, अॅडजुटंट, क्वार्टरमास्टर (सामान सांभाळणारे). सुभेदार मेजर साहेबांच्या हाती सगळ्या परेडची सूत्रं असतात. शिकवणारे हवालदार आणि नायब सुभेदार म्हणजे पीआय (पर्मनंट इन्स्ट्रक्टर) स्टाफ. शिकवणाऱ्याला 'उस्ताद' आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 'साहब' म्हणायची पद्धत आहे. आपल्या एएनओंना सर किंवा मॅडम. भेटेल त्या वरिष्ठाला थांबून, ताठ उभं राहून "जय हिंद सर".

उस्ताद पंजाबचे असतील, तामिळनाडूचे असतील, गढवालचे असतील. सगळा कारभार हिंदीत. खेड्यातून आलेल्या मुलांना याचा फार संकोच वाटतो, हिंदी चुकेल म्हणून ती प्रश्नच विचारत नाहीत. विचारा. मोडक्या हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला उस्ताद दहा वेळा उत्तर देतात. गप्प बसलेल्याच्या मनात काय आहे ते त्यांना कसं कळणार?

संध्याकाळी जेवणाआधी तंबू, संडास, पाण्याची टाकी, एमआय रूम म्हणजे दवाखाना आणि कंपनीची फॉल-इनची (रांगेत जमायची) जागा, हे सगळं उजेडात पायी फिरून पाहून घ्या. पहाटे अंधारात शोधायला वेळ नसतो. मे-जूनमध्ये वळीव कोसळतो, तेव्हा तंबूभोवतीचा चर मोकळा आहे ना आणि खुंट्या घट्ट आहेत ना तेही पाहा. पेटी जमिनीवर ठेवणार असाल तर खाली दोन विटा ठेवा.

६. दिवस कसा जातो

पाचच्या सुमाराला शिट्टी, चहा, मग पीटी. परत येऊन आंघोळ आणि नाश्ता, मग युनिफॉर्ममध्ये फॉल-इन. सकाळी ड्रिल आणि शस्त्राचे पिरियड, ऊन चढल्यावर सावलीत लेक्चर्स: प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य, सैन्यात जाण्याचे मार्ग. जेवण, थोडी विश्रांती, संध्याकाळी खेळ, मग रोल कॉल, जेवण, सांस्कृतिक कार्यक्रम आणि दहाला दिवे बंद.

दुपारची विश्रांती मुलं गप्पांत घालवतात. झोपा! वीस मिनिटं डोळे मिटले तरी संध्याकाळच्या मैदानावर फरक दिसतो. रात्री दिवे बंद झाल्यावर कुजबुज करत बसणारा तंबू पाचव्या दिवशी निम्मा आजारी असतो.

ड्यूट्याही लागतात: लंगरमध्ये (स्वयंपाकघरात) वाढणं, रात्री संतरी म्हणून पहारा, साफसफाई. रात्रीच्या पहाऱ्याला कंटाळू नका. तिथे एकट्याने जबाबदारी घ्यायची सवय लागते, आणि उस्ताद अशा वेळी मोकळेपणाने बोलतात. सीमेवरच्या चौकीत दिवस कसे जातात, हे कुठल्याही लेक्चरपेक्षा तिथे जास्त कळतं.

७. ड्रिल

सावधानमध्ये टाचा जोडलेल्या, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी बंद, नजर समोर. विश्राममध्ये दोन टाचांत १२ इंच अंतर. 'तेज चल'ला मिनिटाला १२० पावलं. हे ऐकायला सोपं आहे, पण पन्नास जणांनी एकत्र करताना प्रत्येकाची चूक दिसते.

नव्यांची सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जाणं. एरवी चालताना कुणाचं असं होत नाही. कॉशन (हुकूम) ऐकून अंग आखडलं की होतं. अशा वेळी रांगेतून बाहेर पडून सहज चाला, हात आपोआप सुटू द्या, मग हळूहळू हात उंच न्या. 'पीछे मुड'ला तोल जात असेल तर वजन टाचेवर आणि विरुद्ध पंजावर आहे का ते पाहा, आणि मान कॉशनबरोबरच वळू देऊ नका. कॉशनचा पहिला भाग तयारीचा असतो, कृती शेवटच्या शब्दावर. घाईने आधी हलणारा उशिरा हलणाऱ्यापेक्षा जास्त उठून दिसतो.

बेरे घरीच बसवून न्या. कोमट पाण्यात भिजवा, पट्टी भुवयांच्या वर साधारण एक इंच सरळ येईल अशी घाला, बॅज डाव्या डोळ्यावर, कापड उजवीकडे खाली ओढलेलं, आणि तशीच डोक्यावर वाळू द्या. दोन-तीनदा केलं की आकार पकडते.

परेडवर बराच वेळ उभं राहायचं असेल तर गुडघे आवळून ताठ करू नका. बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली, कान बंद झाल्यासारखे वाटले तर लगेच खाली बसा. कुणी रागावत नाही. उभ्या उभ्या सिमेंटवर कोसळून हनुवटी फुटते, ते टाळायचं आहे.

८. फायरिंग

याचीच सगळे वाट पाहतात. रायफल पॉइंट टू टू, अंतर २५ यार्ड, झोपून फायर. खांद्याबद्दलची भीती सोडून द्या. या रायफलचा धक्का इतका हलका असतो की पहिल्या गोळीनंतर "सुटली का?" असं विचारणारे असतात. पण गोळी छोटी आहे म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. ती टार्गेटच्या पलीकडे कितीतरी लांब जाते. म्हणून रेंजवर लाल झेंडा, म्हणून एवढे हुकूम.

रायफल हातात येण्यापूर्वी दोन-तीन पिरियड ती खोलून, जोडून दाखवतात. बोल्ट, मॅगझिन, फोरसाइट (नळीच्या टोकावरचं निशाण), बॅकसाइट (मागचं खाचेचं निशाण) ही नावं वहीत चित्रासकट काढा.

फायरिंग पॉइंटवर आडवं झाल्यावर पाय फाकवून टाचा जमिनीला टेकवा. डावं कोपर रायफलच्या जवळजवळ खाली. बट (रायफलचा मागचा भाग) खांद्याच्या खोबणीत, गळ्याच्या हाडावर नाही. गाल बटवर निवांत टेकलेला. आता समोर पाहा: बॅकसाइटच्या खाचेच्या मधोमध फोरसाइटचं टोक, दोन्ही कडा समान, आणि त्या टोकावर टार्गेटचा काळा ठिपका. 'शिस्त लो' म्हटलं की हा नेम धरायचा. नजर फोरसाइटच्या टोकावर स्थिर ठेवा. टार्गेट किंचित धूसर दिसलं तरी चालेल. श्वास घ्या, अर्धा सोडा, रोखा. ट्रिगरला आधी थोडी ढिलाई असते, ती घ्या, मग बोट हळूहळू दाबत राहा. झटका दिला की गोळी खाली उजवीकडे जाते. श्वास कोंडून डोळ्यांत पाणी आलं तर फायर करू नका, रायफल तशीच धरून पुन्हा श्वास घ्या. घाई कुणालाच नसते.

पाच गोळ्या मिळतात आणि गुण ग्रुपिंगचे असतात, म्हणजे पाचही छिद्रं एकमेकांच्या किती जवळ आहेत त्याचे. ठिपक्याच्या बाहेर पण एका नाण्याखाली झाकतील अशा पाच गोळ्या बसल्या तर तुमचा हात स्थिर आहे, साइट सुधारणं उस्तादांचं काम. ठिपक्यात एक आणि बाकी चार कागदभर पसरलेल्या, याला काही अर्थ नाही.

इथले सापळे नीट लक्षात ठेवा. आपल्या लेनचा नंबर मोठ्याने म्हणा आणि त्याच नंबरच्या टार्गेटवर मारा. शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळ्या घालणारा प्रत्येक डिटेलमध्ये (एका वेळी फायर करणाऱ्या गटात) एखादा असतोच. गोळी सुटली नाही तर रायफल घेऊन वळू नका, बॅरल टार्गेटकडेच ठेवून उस्तादांना हाक मारा. 'खाली कर' (रायफल रिकामी कर) म्हटल्याशिवाय उठू नका. आणि सुटलेल्या गोळीचं रिकामं खोकं आठवण म्हणून खिशात घालू नका. प्रत्येक खोकं मोजून परत द्यावं लागतं. एक कमी पडलं तर सगळी रेंज उन्हात थांबते आणि सगळ्यांची झडती होते.

९. नकाशा आणि फील्डक्राफ्ट

मॅप रीडिंगला मुलं उगाच घाबरतात. १:५०,००० च्या नकाशावर जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि ग्रिडचा (नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेषांचा) एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर बाय एक किलोमीटर. ग्रिड रेफरन्स (जागेचा आकड्यांतला पत्ता) देताना आधी आडवं चाला, मग वर चढा; हा क्रम उलटला की तुमचं मंदिर नदीत जाऊन पडतं. कंटूर (समान उंची दाखवणाऱ्या) रेषा दाटीवाटीने आल्या की चढ तीव्र, लांब लांब असल्या की उतार सौम्य. होकायंत्र वापरताना बेल्टचं बक्कल, रायफल, मोबाइल आणि वर गेलेली विजेची तार यांपासून दूर उभे राहा, नाहीतर सुई भलतीकडे बघते.

जजिंग डिस्टन्ससाठी शंभर मीटरचा एक तुकडा डोळ्यांत बसवून घ्या आणि समोरच्या जमिनीत असे किती तुकडे बसतात ते मोजा. सूर्य तुमच्या पाठीशी असेल किंवा मध्ये दरी असेल तर वस्तू आहे त्याहून जवळ वाटते. सावलीतली किंवा अंधुक उजेडातली वस्तू लांब वाटते. हे माहीत असलेला कॅडेट स्पर्धेत पुढे जातो.

ऑब्स्टॅकल कोर्सची भिंत आणि डबल डिच (लागोपाठचे दोन खड्डे) पाहून छाती दडपते. भिंतीला पळत या, एक पाय भिंतीवर मारून वर उसळा, दोन्ही हातांनी कड पकडा. नुसतं हातांच्या जोरावर चढायला जाऊ नका. आदल्या दिवशी पाय मुरगळला असेल तर सांगा आणि बाजूला राहा.

१०. तब्येत

मराठवाड्यात किंवा विदर्भात मे महिन्यात कॅम्प असेल तर हे वाचाच. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. संडासला रांग असते म्हणून मुली पाणी पिणंच टाळतात, त्यातून उन्हाळी लागते आणि ताप येतो. असं करू नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा, पेल्यात अख्खं पाकीट ओतू नका.

एखाद्याचं अंग तापलंय, तो असंबद्ध बोलतोय, नीट चालता येत नाहीये, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि एकाला एमआय रूमकडे पळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

फोड आला तर टोचू नका. धुऊन, कोरडा करून, स्वच्छ पट्टी लावा आणि उस्तादांना दाखवा. रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या पुसा, पावडर लावा, मोजे धुऊन वाळत घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

जेवण साधं असतं: पोहे-उपमा, पोळी किंवा पुरी, भाजी, डाळ, भात. आवडीचं नसलं तरी नाश्ता सोडू नका.

११. लाइन एरिया, खेळ आणि बडा खाना

तंबूंच्या ओळींची पाहणी होते, तिला लाइन एरिया म्हणतात आणि त्याचे गुण कंपनीला मिळतात. चादरीच्या घड्या एकाच मापाच्या, बूट एका रेषेत, मग-ताट एकाच बाजूला. डोळ्याने रेषा लावायला जाऊ नका. एक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, बुटांची टोकं तिला लावा आणि दोरी काढून घ्या. घडीत पुठ्ठा घातला की चादरीची कड धारदार दिसते. दारातली रांगोळी, चुन्याची पट्टी, विटांची कड यात गावाकडची मुलं हात दाखवतात.

रस्सीखेच, व्हॉलीबॉल, खो-खो, वक्तृत्व, समूहगान, लेझीम, पोवाडा, सगळ्यांत नाव द्या. गाता येत नसेल तर ढोलकी धरा, ताशा धरा. प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतल्या संचलनासाठी निवडणारे लोक नुसती उंची आणि ड्रिल पाहत नाहीत. बोलणं, नाच-गाणं, सामान्यज्ञान हेही पाहतात. संचलनाआधीच्या त्या शिबिरात महाराष्ट्राने २०२२, २०२३ आणि २०२४ असं सलग तीन वर्षं पंतप्रधानांचं बॅनर (सर्वोत्तम डायरेक्टोरेटचा मान) जिंकलं. त्यातले कितीतरी कॅडेट्स कधीतरी अशाच एखाद्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा रांगेत उभे राहिले होते.

शेवटच्या एका रात्री बडा खाना असतो. त्या दिवशी अधिकारी, उस्ताद आणि कॅडेट्स एकत्र जेवतात. आदल्या दिवसांत ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांच्याशी जाऊन बोला.

१२. निघताना

सामान मोजून भरा, क्वार्टरमास्टरकडून घेतलेली प्रत्येक वस्तू परत करून यादीवर टिक करून घ्या. एक कांबळं कमी पडलं तरी कंपनी अडकते. कॅम्पचं सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं तर नाव, नंबर आणि तारखा तिथेच वाचा. नंतर मिळणार असेल तर कधी आणि कुणाकडून, ते एएनओंना विचारा. घरी आल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा.

दोन दिवस भरपूर झोपा. मग वहीतल्या नोंदी विसरायच्या आत स्वच्छ लिहून काढा: रायफलचे भाग, ग्रिड रेफरन्स, कॉशन्स. बी आणि सी सर्टिफिकेटच्या प्रात्यक्षिकांत हेच विचारतात. आणि पुढचा कोणता कॅम्प हवा ते आत्ताच एएनओंना सांगून ठेवा: ट्रेकिंग, रॉक क्लाइंबिंग, 'एक भारत श्रेष्ठ भारत', आर्मी अटॅचमेंट (सैन्याच्या तुकडीबरोबर राहून शिकणं). जागा थोड्या असतात, आणि आधी विचारणाऱ्याचं नाव एएनओंच्या लक्षात राहतं.